कोरम झाला का?

अंगणातल्या दुधाच्या कॅनवर मापानं तीन ठोके पडले की आम्ही समजायचो, सभा आहे. कॅन अॅल्युमिनियमचा, एका बाजूनं पोचा पडलेला. माप म्हणजे दूध मोजायचं, लांब दांड्याचं, एक लिटरचं. त्या कॅनमध्ये आता दूध नसायचं, प्यायचं पाणी असायचं. पाणी तळाला गेलं की ठोका मोठा वाजायचा, त्यामुळे टँकर येऊन किती दिवस झाले ते आवाजावरूनच कळायचं. ठोके मारून झाले की बाई माप मांडीवर आडवं ठेवून आमच्याकडे बघायच्या आणि विचारायच्या, "कोरम झाला का?"

त्यांना धरून घरात आम्ही चार माणसं. सभेला निदान तिघं तरी हवीत, हा त्यांचा नियम. आम्ही तिघं समोर बसलेली दिसत असलो तरी त्या बोटानं मोजायच्या. मग म्हणायच्या, "झाला. ल्ही गं." आणि मी वही उघडायचे.

गावोगावच्या सोसायट्यांचे आणि दूध संस्थांचे चेअरमन तुम्हीही पाहिले असतील. पद जातं, संस्था बुडते, तरी 'चेअरमन' ही हाक माणसाला चिकटून राहते. आमच्या घरमालकीणबाईंचंही तसंच होतं. बीडच्या त्या गल्लीत भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे त्यांना चेअरमनबाई म्हणायचे. त्यांचं खरं नाव मी इथं लिहीत नाही. छापून आलेलं नाव त्यांना आवडेल, हे मला माहीत आहे. पण त्या लगेच विचारतील, "नाव छापायचा ठराव कवा झाला?"

मी आजवर जे काही लिहिलं, ते परीक्षेचे पेपर आणि बाईंच्या सभांचं प्रोसिडिंग. त्यामुळे हे मला कितपत जमेल, शंकाच आहे. सभेत लिहिताना एक बरं असायचं. काय लिहायचं ते बाई सांगायच्या.

माझं गाव पाटोद्याकडचं. दिवाळी झाली की आमच्या भागातून ट्रक निघतात आणि माणसं ऊस तोडायला कारखान्यांकडे जातात. माझे आई-आप्पाही जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असं मुकादम मोजतो. बाईंकडे आले त्या वर्षी मी बीडच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. पहिलं सत्र एसटीनं जाऊन-येऊन केलं. वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नाही. आप्पा म्हणाले, गाडी निघायच्या आत बीडात खोली मिळाली तर शीक. नाही मिळाली तर रिकाम्या घरात तुला एकटीला टाकून मी जाणार नाही, तू आमच्यासंगं चल. ते रागानं नव्हते म्हणाले. पण एकदा उसाच्या फडावर गेलेली मुलगी परत वर्गात येऊन बसत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. माझ्या शाळेतल्या दोघी तशाच गेल्या होत्या. गाडी निघायला पाच दिवस होते.

ते पाच दिवस आप्पा आणि मी 'खोली भाड्याने देणे आहे' अशा पाट्या शोधत फिरलो. पाटी मी वाचायचे, दार आप्पा वाजवायचे. दार उघडेल त्याला आप्पा रामराम घालायचे, मग ते पाच वर्षांचं पोर का असेना. पुढचा प्रश्न ठरलेला. नोकरी कुठं? एकानं पगाराचा कागद मागितला. एका बाईनं खोली दाखवली, नळ दाखवला, भिंतीतल्या खुंट्यासुद्धा दाखवल्या, आणि आप्पांनी ऊसतोड म्हटल्यावर तिला आठवलं की खोली कालच देऊन झाली. गल्लीच्या टोकाला येऊन मी मागं बघितलं, तर पाटी तशीच होती.

"काढायची राह्यली आसंल," आप्पा म्हणाले. आप्पांना कुणाबद्दल वाईट बोलता येत नाही.

चौथ्या दिवशी वर्गातल्या एका मैत्रिणीनं मला शिकवलं. ऊसतोड म्हणूच नको, म्हणाली. वडील कारखान्यात असतात, एवढंच सांग. हे काही अगदी खोटं नाही, अशी मी माझी समजूत घातली आणि पाचव्या दिवशी दुपारी चेअरमनबाईंच्या दारात उभी राहिले.

बाई अंगणात सुपात ज्वारी घेऊन बसल्या होत्या. ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा, नऊवारीचा काष्टा. आप्पांनी रामराम घातला. बाईंनी आमच्याकडं पोतं सरकवलं आणि सूप न थांबवता विचारलं, "वडील काय करतेत?"

"कारखान्यात असतात," मी घाईनं म्हणाले.

"आस्सं. कोणत्या खात्यात?"

मैत्रिणीनं इथपर्यंत शिकवलं नव्हतं. मी आप्पांकडे बघितलं. मी काय ठरवून आले होते याची आप्पांना कल्पनाच नव्हती. ते सरळ म्हणाले, "फडात. कोयता हाय आमचा."

बाई इतक्या हसल्या की सुपातली ज्वारी सांडली. "मंग तसं सांग की. साखर गोड लागती आन कोयत्याची लाज वाटती व्हय गं?"

मला मान वर करवेना. आप्पा उठायलाच लागले होते. उठता उठता त्यांनी सांगून टाकलं की पगार-बिगार काही नाही, भाडं महिन्याच्या महिन्याला जमायचं नाही, तोडणी संपून फड उठला, गाडी परत आली की जमेल. चार दिवसांत जे मी लपवायला शिकले होते, ते सगळं त्यांनी एका दमात सांगितलं.

"बसा वो," बाई म्हणाल्या. "हितं कुणाला पगार हाय?"

आणि त्यांनी कॅनवर तीन ठोके मारले.

आतून एक बाई आल्या. गळ्यात मोजपट्टी, ओठांत टाचणी. या शिलाईवाल्या काकू. नवरा वारल्यापासून शिलाई मशीनवर स्वतःचं भागवत होत्या, लग्नसराईत काम भरपूर आणि इतर वेळी नुसते दप्तरांचे तुटलेले बंद. फाटकाजवळच्या खोलीतून एक गृहस्थ आले, ते मास्तर. विनाअनुदानित शाळेत ते नऊ वर्षं शिकवत होते. शाळेला अनुदान आलं की पगार सुरू होणार होता. "सध्या पगार नाही," असं ते स्वतःची ओळख करून देताना म्हणाले. नऊ वर्षांच्या मानानं 'सध्या' हा शब्द मला फार धीराचा वाटला.

बाईंनी बोटं मोजली. कोरम झाला. मग मला विचारलं, "अक्षर कसं हाय तुजं?"

मी म्हणाले, बरं आहे.

"मास्तरचं अक्षर मास्तरलाच लागत न्हाई. मला ल्हिनारं माणूस पायजे. घे वही."

अशा रीतीनं मला खोली देण्याचा ठराव मीच लिहिला. बाई सावकाश सांगत होत्या. विषय, खोली क्रमांक तीन सदर विद्यार्थिनीस देणेबाबत. भाडं फड उठल्यावर. सूचक शिलाईवाल्या काकू, अनुमोदक मास्तर. सर्वानुमते मंजूर. आप्पांनी ते दोनदा वाचून घेतलं. बाईंनी अंगठ्यासाठी शाईची डबी पुढं केली, तर आप्पा संकोचून म्हणाले की सही येते, फक्त वेळ लागतो. मग आप्पांची सही पुरी होईपर्यंत सगळी सभा गप्प बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी ट्रक निघाला तेव्हा मी त्यात नव्हते.

बाई चेअरमन कशा झाल्या, ते त्या स्वतःच रंगवून सांगायच्या. तेलगावच्या बाजूला त्यांचं सासर. गावात बायकांची दूध संस्था काढायची ठरली, तेव्हा त्यांच्या दिरानं यांचं नाव घातलं. हेतू साधा होता. कारभार दीर करणार, सही वहिनी करणार. पहिल्या सभेला दीर कागद आणि प्रोसिडिंगची वही घेऊन आले आणि म्हणाले, वहिनी, इथं सही. बाईंना तेव्हा जेमतेम अक्षरं ओळखू यायची. त्या म्हणाल्या, "आदी वाचून दावा." दिरानं एक पान वाचलं. "म्होरलं." दुसरं वाचलं. म्हशींच्या धारेची वेळ झाली, दिरांचा घसा बसला, तरी बाई म्हणत होत्या, "म्होरलं." संस्थेचे नियम, ज्याला उपविधी म्हणतात, ते सगळेच्या सगळे त्यांनी त्या दिवशी वाचून घेतले आणि मग सही केली. पुढं वाचायला शिकल्यावर त्यांनी ते पाठ केले. दुसऱ्या सभेपासून दीर आले नाहीत.

दुष्काळ लागोपाठ आला तशी जनावरं चारा छावणीत गेली, काही बाजारात गेली. सकाळी पाच कॅन भरायचे तिथं एक भरेना. एके दिवशी संस्थेला कुलूप लागलं. तोवर बाईंचे यजमानही गेले होते. गावात त्यांना करमेना. यजमानांनी हौसेनं बीडात बांधलेल्या या घरात त्या आल्या, आणि येताना एक कॅन, एक माप आणि प्रोसिडिंगची अर्धी कोरी वही घेऊन आल्या. कॅन संस्थेचा आहे, मी फक्त सांभाळते, असं त्या आल्या-गेल्याला बजावायच्या.

पगारदार भाडेकरू का ठेवत नाही, असं मी एकदा भीत भीत विचारलं.

"धा म्हशीवाला बागायतदार व्हता," त्या म्हणाल्या. "खाजगी डेरीवाल्यानं चार आणे जादा दिले की तिकडं. एका म्हशीवाली बाई पाऊस असू दे, ताप असू दे, लिटर का हुईना घिऊन रोज दारात. संस्था कुणी चालवली मंग?"

आमच्या घरात सगळ्याला ठराव लागायचा. आंघोळीचा क्रम ठरावानं. आंघोळीचं पाणी मोरीतून लिंबाच्या झाडाकडे न्यायची चारी कुणी साफ करायची, तेही ठरावानं. मास्तर पहाटे मोठ्यानं कविता म्हणायचे. त्याविरुद्ध काकूंनी ठराव आणला, तेव्हा मास्तरांनी उपसूचना मांडली की कविता म्हणू, पण मनात. ती मंजूर झाली. माझ्या परीक्षेच्या दिवसांत दुपारी शिलाई मशीन बंद ठेवायचा ठराव खुद्द काकूंनीच मांडला. त्या दुपारी त्या हातानं काज-बटणं करत माझ्याजवळ बसायच्या.

रविवारी पिठलं बाई करायच्या आणि त्यात मिरची अशी घालायच्या की मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. एकदा आम्ही तिघांनी धीर करून मिरची कमी करण्याचा ठराव मांडला. बाई एकट्या विरोधात. तीन विरुद्ध एक. त्यांनी मला लिहायला लावलं, खाली सही केली, आणि त्या दिवसापासून त्या घरात फिकं पिठलं होऊ लागलं. त्या स्वतः तेच खायच्या, तोंड वाकडं करून.

"वरून थोडी चटणी घ्या की," मी म्हणाले.

"ठराव म्हंजे ठराव. पळवाट काढायची आसती तर चेअरमन कशाला झाले आसते?"

वर्षभरानं त्यांनी स्वतःच मिरची परत आणायचा ठराव मांडला. आम्ही तो पाडला. बाई रात्रीपर्यंत हसत होत्या.

एक नियम मला सुरुवातीला कळायचा नाही. कोरम झाला नाही तर सभा अर्ध्या तासासाठी तहकूब करायची. अर्ध्या तासानं त्याच ठिकाणी परत भरवायची, आणि मग कोरमची गरज नसते. सहकारातला हा जुना नियम आहे. दर पहिल्या तारखेची सभा ठरलेली असायची. एका महिन्यात त्याच दिवशी काकू लग्नाला गेल्या होत्या आणि मास्तर शाळेच्या कामासाठी आमदाराच्या दारात बसले होते. आम्ही दोघीच. बाईंनी ठोके मारले, बोटं मोजली आणि म्हणाल्या, "कोरम न्हाई. तहकूब." मी वही मिटून उठायला लागले, तर त्यांनी मला खाली बसवलं. "त्याच ठिकानी म्हनलंय. उठायचं न्हाई." आम्ही अर्धा तास तिथंच शेंगा फोडत बसलो. घड्याळाकडे बघून बाई परत ताठ झाल्या, पदर सारखा केला, आणि जणू आत्ताच भेटतोय अशा आवाजात म्हणाल्या, "आता सभा सुरू."

मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

"हसू नगं," त्या म्हणाल्या. "मान्सं येत न्हाईत म्हनून काम थांबलं, तर येनारे बी येत न्हाईत."

माझ्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा जवळ आली होती, तेव्हाची गोष्ट. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेला होता. आठ दिवसांनी येणारा टँकर बारा दिवसांनी येऊ लागला. बोअर कोरडं पडलं. काकूंचे गुडघे दुखायचे, तरी दोन गल्ल्या पलीकडच्या हातपंपावरून त्या घागर आणायच्या. कॅनचा ठोका आता देवळातल्या घंटेसारखा वाजत होता.

एका संध्याकाळी बाईंचा पुतण्या, त्याच दिराचा मुलगा, आला. गावाकडची बाईंची जमीन तोच बघायचा, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं. त्याच्यासोबत एक टँकरवाला होता. त्याला या गल्लीत ड्रायव्हरसाठी एक खोली हवी होती. वर्षाचं भाडं आधी देणार होता, आणि वर दर दोन दिवसांनी आमची टाकी भरून देणार होता. खोली कोणती, हे कुणी बोललं नाही. काकू आणि मास्तर जमेल तसं का होईना, दर महिन्याला भाडं द्यायचे. फड उठायची वाट बघणारी मी एकटीच होते.

पुतण्यानं 'हो' ऐकायच्या तयारीनं चहाचा कप खाली ठेवला. बाई म्हणाल्या, "सभेपुढं ठिवते." आणि लगेच ठोके मारले.

मी वही घेऊन बसले. बाईंनी आवाज न बदलता सांगितलं, विषय, खोली क्रमांक तीन पाणीपुरवठ्याच्या अटीवर टँकरमालकास देणेबाबत. मी लिहिलं. दीड वर्षात माझं अक्षर चांगलं वळणदार झालं होतं.

"सूचक?"

पुतण्या म्हणाला, मी सूचक. बाई म्हणाल्या की तू सभासद नाहीस. तो म्हणाला, मग तुम्ही व्हा. बाई म्हणाल्या, चेअरमननं सूचक व्हायचं नसतं. काकू कितीतरी वेळ गुडघा चोळत होत्या. शेवटी त्या खाली बघूनच म्हणाल्या, "मी सूचक. मला घागर उचलत न्हाई वो आता." आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मला काकूंचा राग आला नाही, हे खरंच सांगते. माझ्यासाठी परीक्षेच्या दिवसांत मशीन बंद ठेवणारी ती बाई होती. मी 'सूचक' समोर त्यांचं नाव लिहिलं.

"अनुमोदक?"

मास्तर वर आभाळाकडे बघत होते. मी पेन टेकवून वाट बघत होते. वहीतला रकाना रिकामा ठेवायचा नाही, हे बाईंनीच मला शिकवलं होतं. त्या रिकाम्या रकान्याकडे बघता बघता मला वाटलं, माझ्या एकटीपायी तीन माणसं पाण्यावाचून आहेत आणि तरी कुणी तोंड उघडत नाही. मग हे मीच उरकलं पाहिजे. मी 'अनुमोदक' समोर माझं नाव लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं.

टँकरवाल्याला काही कळलं नाही. पुतण्या म्हणाला, झालं तर मग. मांडीवरचं माप बाईंनी दोन्ही हातांनी धरलं होतं.

तेवढ्यात मास्तर उठून उभे राहिले. सभेत ते कधी उभे राहत नसत. "चेअरमनसाहेब, हरकत आहे," ते म्हणाले. "ज्याच्याविषयी ठराव आहे, त्या सभासदाला अनुमोदन देता येत नाही. उपविधी, कलम सतरा."

बाईंनी चष्म्यातून त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"सतरा?"

"सतरा," मास्तर म्हणाले. वर्गात चुकीचं उत्तर सांगितलं तरी मुलांनी विश्वास ठेवावा, असा तो आवाज होता.

"बरूबर हाय," बाई म्हणाल्या. "ल्ही गं. अनुमोदक मिळाला न्हाई. ठराव बारगळला."

पुतण्या बाईंवर चिडला. "काकू, भातुकलीचा खेळ लावलाय का हा?"

बाईंनी माझ्या हातातली वही घेतली, उलटी करून पहिलं पान काढलं आणि त्याच्यापुढं धरली. "ह्याच वहीवर तुज्या बापानं माजी सही घेतलती. तवा त्ये खरं व्हतं. आता खेळ कसा झाला?"

पुतण्या गेला. चहा तसाच राहिला, तो मास्तरांनी प्यायला.

नंतर काकू मला धरून रडल्या आणि मी त्यांना धरून, आणि बाई आम्हाला ओरडल्या की डोळ्यांतलं पाणी वाया घालवू नका, विषय क्रमांक दोन बाकी आहे. विषय क्रमांक दोन असा होता की काकूंनी यापुढं घागर उचलायची नाही. मास्तरांच्या सायकलला मागं कॅन बांधायचा, मास्तरांनी सायकल धरायची, मी मागून ढकलायची. सर्वानुमते मंजूर. पाऊस पडेपर्यंत आम्ही तसंच पाणी आणलं. सायकल ढकलताना मास्तर मला अर्थशास्त्राचे प्रश्न विचारायचे, आणि उत्तर चुकलं की ब्रेक दाबायचे. त्या वर्षी मला अर्थशास्त्रात वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले.

फड उठल्यावर आप्पा आले, ते डोक्यावर सहा ऊस घेऊन. एवढ्या लांबून त्यांनी ते ट्रकच्या टपावर बांधून आणले होते. बाईंनी लगेच सभा बोलावली आणि आभाराचा ठराव घेतला. पाहुण्यांनी दोन शब्द बोलावेत, असं म्हटल्यावर आप्पा घाबरले. उभे राहिले, टोपी काढली, परत घातली. "ऊस गोड हाय," एवढंच म्हणाले आणि बसले. बाईंनी मला ते भाषण म्हणून लिहून घ्यायला लावलं. त्या पानावर आप्पांची सही आहे. या वेळी कमी वेळ लागला.

त्या वर्षी पावसाळा बरा झाला. दिवाळीच्या आधी एक दिवस दारात जीप थांबली आणि तिच्यातून सात-आठ बायका उतरल्या, सगळ्या एकदम बोलत. बाईंच्या गावच्या होत्या. म्हशी परत आल्या होत्या, दोन-चार नव्या घेतल्या होत्या, आणि संस्थेचं कुलूप काढायचं ठरलं होतं. नवीन चेअरमन नेमा, बाई म्हणाल्या. बायका म्हणाल्या, ते तुम्ही तिथं येऊन सभेत सांगा.

बाई दोन दिवसांत गेल्या. कॅन संस्थेचा, म्हणून तो गेला. मापही गेलं. प्रोसिडिंगची वही भरली होती, ती त्यांनी कपाटात ठेवली आणि मला एक नवीन वही आणि घराच्या किल्ल्या दिल्या. जाताना उपविधींचं ते जुनं पुस्तकही माझ्या हातात ठेवलं. जीप वळल्यावर मी आधी कलम सतरा काढलं. संकलन केंद्राची भांडी रोज गरम पाण्यानं धुणेबाबत, असं ते कलम होतं.

आणि उपविधी बाईंना पाठ होते.

त्यानंतर मास्तरांच्या शाळेला अनुदान आलं. पहिला पगार झाला त्या दिवशी त्यांनी सगळ्या गल्लीला पेढे वाटले, आणि महिनाभरानं गावाकडून घरच्यांना आणून शाळेजवळ राहायला गेले. काकू लेकीच्या बाळंतपणासाठी तिच्याकडे गेल्या. माझं शेवटचं वर्ष. नोकरी नाही, पगार नाही, आणि किल्ल्या माझ्याकडे. रिकाम्या खोल्यांची पाटी मी बाईंना विचारून फाटकाला लावली.

गेल्या महिन्याच्या पहिल्या तारखेला, फड उठून गाड्या परतल्यावर, मी अंगणात बसले. कॅन जिथं असायचा तिथं फरशीवर पांढरा गोल राहिला आहे. पितळी पळी घेऊन मी घागरीवर तीन ठोके मारले. घागर भरलेली होती, आवाज काही मोठा आला नाही. बोट वर केलं. एक. कोरम नव्हता. मी वहीत वेळ लिहिली आणि तहकूब लिहिलं. उठले नाही. शेंगा फोडत बसले.

फाटक वाजलं. एक माणूस आणि माझ्याहून लहान एक मुलगी. माणसानं मला रामराम घातला. तलवाड्याकडचे आहोत म्हणाला. पाटी वाचून आलो, म्हणाला. मुलगी त्याच्या आधी घाईघाईनं म्हणाली की वडील कारखान्यात असतात, आणि लगेच खाली बघू लागली.

मी त्यांच्याकडं पोतं सरकवलं. घड्याळात बघितलं. अर्धा तास व्हायला अजून सहा मिनिटं होती.

"बसा," मी म्हणाले. "सभा सुरू व्हायचीय." आणि नवीन वही त्या मुलीपुढं ठेवून विचारलं, "तुझं अक्षर कसं आहे?"